पगडीचं दुसरं टोक

अमेरिकेत, रेडमंडमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा सहकारी तीन आठवडे कामासाठी बाहेरगावी गेला आणि जाताना आपले वडील माझ्यावर सोपवून गेला. वडील नांदेडचे शीख, निवृत्त शाळामास्तर. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी त्यांना काका म्हणायचो. माझ्याकडे कामं दोनच. सकाळी त्यांच्या पगडीच्या कापडाचं दुसरं टोक धरायचं आणि ऑफिसला जाताना त्यांना बसने लायब्ररीपर्यंत सोबत करायची. पाच-सहा मीटर कापड असतं ते. दोघांनी दोन टोकांना उभं राहून ताणायचं, घड्या घालायच्या, तेव्हा कुठे ते डोक्यावर नीट बसतं.

टोक धरून मी बडबडत असे. भिंतीवर काकांच्या आजोबांचा फोटो होता. इंग्रजांच्या पलटणीतला शिपाई, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात लढलेला. मला असल्या गोष्टींचं भारी वेड. "काका, शौर्य तुमच्या रक्तातच आहे!" मी म्हणायचो. ते म्हणायचे, "टोक सैल सोडू नकोस."

मग तो मंगळवार आला. काका बसमध्ये पुढे बसले होते, मी मागे उभा होतो. एक धिप्पाड माणूस त्यांच्यासमोर उभा राहून ओरडायला लागला. आपल्या देशात परत जा, डोक्यावरचं ते काढ, आणि आणखी बरंच काही. बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागले. पोलीस आले, त्यात कुठे आपलं नाव आलं, तर व्हिसाचं काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. बसमध्ये भारतीय दिसणारा दुसरा मीच होतो.

"यू विथ हिम?"

"नो," मी म्हणालो.

इतकं स्वच्छ इंग्रजी मी नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्येही बोललो नव्हतो. तो पुढच्या स्टॉपला उतरला. लायब्ररी आल्यावर काकाही उतरले, मला नेहमीसारखा हात करून.

दिवसभर माझ्या हातून काडीचंही काम झालं नाही. लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती मोठी होती. उद्या तो पुन्हा भेटला तर? नुसतं ओरडून थांबला नाही तर? संध्याकाळी दुकानात जाऊन मी एक जाड लोकरी टोपी विकत घेतली.

सकाळी ती काकांपुढे धरली. "थंडी वाढलीय काका. थोडे दिवस पगडीऐवजी ही घाला ना."

काकांनी टोपी उलटसुलट करून पाहिली. "आजोबांनाही अशीच देत होते. त्यांची लोखंडी होती. गोळ्या लागतील म्हणून साहेबाने हुकूम सोडला. आजोबा म्हणाले, पगडी उतरणार नाही."

"घाबरले नाहीत?"

"घाबरले नाहीत कसले! तोफा सुरू झाल्या की हात असे थरथरायचे की पगडी बांधता यायची नाही. त्यांनीच सांगितलंय मला. मग शेजारचा शिपाई दुसरं टोक धरायचा. थरथरत तोही असायचा. पण दोघांनी ओढून धरलं की कापड हलायचं नाही."

टोपी टेबलावर ठेवून त्यांनी कापडाचं टोक माझ्यापुढे केलं. मला ते हातात घेववेना.

"काका, काल बसमध्ये मी..."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे. धर आता, बस चुकेल."

मी धरलं. त्या दिवशी बडबड केली नाही.

बसमध्ये काका पुढे बसले, शेजारच्या सीटवर त्यांनी पुस्तकांची पिशवी ठेवली. मी सवयीने मागेच उभा राहिलो. तिसऱ्या स्टॉपला तोच माणूस चढला. काकांनी त्याला पाहिलं होतं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

दांडे धरत धरत मी पुढे गेलो आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "काका, पिशवी घ्या जरा, मला बसायचंय."