पाळकसाहेबांनी सोडलेले शब्द

देवाविषयी इतकं कमी बोलणारा धर्मोपदेशक अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. छावणीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे पाळकसाहेब मूळचे फुलंब्रीकडचे. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी ते इथल्या छोट्या चर्चमध्ये आले, तेव्हा त्यांची प्रार्थना एवढी लांबायची की पुढ्यातल्या चहावर साय धरायची. मग मायदेशी परतलेल्या एका मिशनऱ्याचं पुस्तकांचं कपाट त्यांच्या हाती लागलं. त्यातल्या पुस्तकांत जुन्या ख्रिस्ती संन्याशांनी लिहिलं होतं की देव आपल्या कुठल्याच शब्दात मावत नाही. एकेक शब्द सोडत गेलं तरच त्याच्या जवळ जाता येतं. दुसऱ्या कुणी वाचून कपाट लावून टाकलं असतं. साहेबांनी खरोखरच शब्द सोडायला सुरुवात केली. आधी 'राजा' सोडला. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. "राजे काय, येतात नि जातात," म्हणाले. मग 'प्रकाश' गेला, कारण तो विझतो. 'पिता' सोडला तेव्हा मंडळी कुरकुरली. शेवटी दर रविवारी ते व्यासपीठावर अर्धा तास नुसते डोळे मिटून उभे राहू लागले. लोकांना आधी वाटलं विसरले, मग वाटलं झोपले. चर्चच्या एका म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "साहेब, आता देव तरी उरला का नाय?"

"तोच उरलाय," साहेब म्हणाले.

पंचांनी उपदेशाला दुसरा माणूस आणला. साहेब मागच्या बाकावर बसू लागले, आणि मला वाटतं, तिथं ते जास्त खूश होते.

त्यांच्या बाईंनी या सगळ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण त्यांना क्षयानं धरलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी पेज घेऊन गेलो, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणत होत्या, "अहो, एकदा माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करा. मला ऐकू येऊ द्या."

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. ओठ हलले, कपाळावर घाम आला, पण शब्द बाहेर पडेना. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग "राहू द्या" म्हणाल्या आणि उलट त्यांच्याच हातावर थोपटत राहिल्या. दोन दिवसांनी त्या गेल्या.

पुढं कितीतरी महिन्यांनी, मी काही न विचारता, ते मला म्हणाले, "मास्तर, देवाला शब्द नको होते. तिला हवे होते. एवढं साधं मला कळलं नाय."

त्यानंतर शाळा सुटल्यावर दफनभूमीवरून येताना मला कधी कधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. बाईंच्या कबरीशी बसून ते त्यांना सगळं मोठ्यानं सांगत असायचे: कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, मेथी कशी जून निघाली, गुडघा कुठं दुखतो. मी पावलांचा आवाज होऊ नये म्हणून सायकलवरून उतरायचो, आणि दफनभूमीची भिंत संपेपर्यंत सायकल हातानं ढकलत न्यायचो.