हिरवी कार्डं मोजून चार

दीडशे मुलांच्या वर्गात हिरवी कार्डं वर आली मोजून चार. बरोबर उत्तर हिरवं होतं.

मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. मोठ्या हॉलमध्ये तासभर एकटीनंच बोललं की मागच्या बाकांवर मोबाइल सुरू होतात. म्हणून त्या दिवशी प्रत्येकाला चार रंगांची कार्डं दिली. मी केस सांगायची, चार पर्याय द्यायचे, मुलांनी कार्ड वर करायचं. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालून पुन्हा एकदा.

केस अशी. जमिनीवर झोपणारा तरुण शेतकरी. सकाळी उठल्यापासून पोटात दुखतंय, पापण्या जड, बोलणं अडखळतंय. अंगावर जखम नाही. बहुतेकांनी लाल कार्ड दाखवलं, म्हणजे ॲसिडिटी.

"आता शेजाऱ्याला पटवा," मी म्हणाले. गलका उठला. तो ऐकून आमचे एचओडी सर दारात आले.

"मॅडम, हा वर्ग आहे की मार्केट यार्ड?"

"दोन मिनिटं द्या, सर."

"आणि पोर्शन?"

सर दारातच थांबले. मी बाकांमधून फिरू लागले. मागे गगनबावड्याकडची प्रज्ञा बसली होती. वर्षभरात तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकलेला. ती शेजारच्या मुलीला सांगत होती, "अगं, मण्यार चावली की खूण दिसतच न्हाय. आमच्या काकास्नी असंच झालतं."

मी तिला उभं केलं. ती इंग्रजीत सुरू झाली आणि अडली.

"मराठीत सांग."

मग तिनं नीट सांगितलं. मण्यारीच्या विषानं आधी पापण्या मिटतात, शेवटी श्वास थांबतो.

"काका वाचले?" पुढून कुणीतरी विचारलं.

"व्हय. डॉक्टरांनी लगेच वळखलं की."

दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळा हॉल हिरवा झाला; हिरवं म्हणजे सर्पदंश. तेव्हा मी सांगितलं, ही केस माझी. इंटर्न असताना मी त्या तरुणाला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाहेर बसवलं होतं. सिनियरनी पाहीपर्यंत दोन तास गेले. तो वाचला नाही.

इतकी वर्षं हे मी वर्गात कधी बोलले नव्हते.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "कार्डं चालू द्या. पोर्शन मात्र शनिवारी जादा तास घेऊन संपवायचा."

माझे शनिवार गेले. प्रज्ञा अजून मागेच बसते, पण आता प्रश्न विचारते.

मुलांनी चुकायचं तर हॉलमध्ये चुकावं. तिथं पेशंट नसतो.