पुलापलीकडचा सत्कार

लटारूचा आवाज वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठावर कोणी ऐकला नाही असं व्हायचं नाही. कबड्डीचे सामने असोत, मास्तरांची निवृत्ती असो, नाहीतर समाजमंदिराची फीत कापणं, माईक लटारूच्याच हातात. 'आता मी व्यासपीठावर आमंत्रित करतो' हे वाक्य जिभेला इतकं सरावलेलं, की झोपेतही तो कोणाला तरी आमंत्रित करायचा. ज्याला बोलावलं त्याला शाल, श्रीफळ आणि टाळ्या. बोलावणाऱ्याला शेवटी थंड झालेला मसालेभात. सगळ्यांचे आभार तोच मानायचा, मग त्याचे कोण मानणार?

माणूस साधा, पण मनात एक सल होता. एकदा तरी लोकांनी खास आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. गमतीजमती त्याच्याकडे पोतंभर होत्या. पण दोन पाहुण्यांच्या मध्ये एखादी सोडायला गेला की जेवणाची वाट बघणारे मागून ओरडायचे, 'आटप ना बाबू.'

आता गंमत बघा. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. पण पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, आणि तो लागतो न लागतो तोच धनराजभाऊंचा बार. इकडच्या काठावर दारूबंदीच्या शपथा घ्यायच्या, घसा कोरडा पडला की तिकडे जायचं, अशी कित्येक सभ्य माणसांची सोय होती. त्या धनराजभाऊंची मुलगी दिव्यानी पुण्याहून हॉटेलचा कोर्स करून आली आणि तिनं बारावर फलक लावला: शनिवारी संध्याकाळी ओपन माइक, कोणीही या, पाच मिनिटं हसवा. लटारूनं तो एसटीच्या खिडकीतून वाचला आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बोलावणारा कोणी नाही, आपण उठायचं आणि बोलायचं!

अडचण एकच, घरची. रुखमा गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. जंगलात लपवलेली मोहाच्या दारूच्या सडव्याची मडकी शोधून काठीनं फोडणारी बाई. तिचा नवरा दारूचा थेंब न घेता बारात जाणार, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बाकीचे बायकोला चोरून प्यायला जात, आपला लटारू बायकोला चोरून बोलायला गेला. सावली गावात साखरपुडा आहे म्हणून इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

बारात लिंबूपाणी मागवलं. आधी चंद्रपूरच्या दोन पोरांनी आपापल्या प्रेमभंगावर काहीबाही सांगितलं. कोणी हसलं नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं. बहुतेक गिऱ्हाइकं दाराकडे पाठ करून, गळ्यातला दुपट्टा नाकापर्यंत ओढून बसलेली. मग दिव्यानीनं लटारूकाकांचं नाव पुकारलं.

लटारू उठला, माईक हातात आला आणि घात झाला. एकदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, बक्षीस समारंभात त्याच्याकडून पोलीस पाटलाचं नाव राहिलं होतं, तर पाटलाची माणसं मंडपाचे दोर सोडायला निघाली होती. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता, की समोरच्या मान्यवरांची नावं घेतल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. आणि समोर तर मान्यवरच मान्यवर! दुपट्ट्यानं चेहरा झाकेल, बसायची ढब कशी झाकणार?

"आजच्या या कार्यक्रमाले आवर्जून उपस्थित असलेले," लटारू घुमला, "आपल्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, दारूबंदीसाठी अहोरात्र झटणारे प्रफुल्लभाऊ. त्याइच्यासाठी जोरदार टाळ्या."

प्रफुल्लभाऊंच्या हातातला ग्लास हातातच राहिला. लटारूला वाटलं, विनय आहे. तो पुढच्या टेबलाकडे वळला. मुख्याध्यापक झाले, सोसायटीचे सचिव झाले, भजनी मंडळाचे दोघे झाले. एकेक नाव आलं की एकेक मान टेबलाखाली जाई. पाच मिनिटं संपली तेव्हा प्रास्ताविकसुद्धा संपलं नव्हतं. टाळी एकही पडली नाही. तोंड एवढंसं करून लटारू घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रफुल्लभाऊ अंगणात हजर. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत आपण सांगावं, असा त्यांचा हिशेब.

"रुखमाबाई, नवऱ्याले सांभाळा. काल पुलापलीकडच्या बारात होता."

रुखमा तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. विचारलं, "तुमाले कोन सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? भर बारात माईकवर मायं नाव घेतलं त्यानं!"

म्हणाले आणि जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग? रुखमानं सूप खाली ठेवलं, तेव्हा भाऊ फाटकाबाहेर होते. मग ती लटारूकडे वळली. लटारूची गाळण उडाली. साखरपुड्यापासून लिंबूपाण्यापर्यंत त्यानं सगळं ओकलं, एकेक नावासकट. ती ऐकत राहिली. त्याला वाटलं, आता काठी येते.

"एवढ्या लोकाइचं नाव घेतलं," ती म्हणाली, "आन् शाल-श्रीफळ नाई देलं? असा कायचा सत्कार?"

पुढच्या शनिवारी महिला मंडळ टेम्पोत बसून पुलापलीकडे गेलं. ताटात हळदीकुंकू, नारळ आणि शालींची चळत. टेम्पो थांबायचा अवकाश, बार मागच्या दारानं धानाच्या बांधीत पांगला. पाच-सहा जोडी चपला तेवढ्या मागं राहिल्या. धनराजभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. पण बाया आरामात खुर्च्यांवर टेकल्या, सोडा मागवला, आणि दिव्यानीनं माईक लटारूच्या हातात दिला.

लटारूनं समोर पाहिलं. बोलवायला कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःपासून सुरुवात करायची होती.

"मले दारू चढत नाई," तो चाचरत म्हणाला. "मले माईक चढते. घरी उतरवाले बायको हाये."

मागच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. मग लटारू सुटला. साखरपुड्याची थाप, टेबलाखाली गेलेल्या माना, फाटकातून पळालेले अध्यक्ष, सगळं आलं. रुखमा आधी पदर तोंडाशी धरून बसली होती. मग पदर सुटला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत सुटली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं भाषण पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं होतं.

टाळ्या थांबल्यावर लटारू सवयीनं आभार मानायला लागला. रुखमा उठली, चळतीतली वरची शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. मग त्याच्या हातातून माईक घेतला आणि त्याचे आभार मानले.