ठकुबाईनं ओढलेला घण

मोशीची ठकुबाई अंगानं दणकट. मोटेवर नवऱ्याच्या बरोबरीनं उभी राहायची. पंचावन्न साली पिंपरीकडं कारखान्याचं काम निघालं, तेव्हा सुगी उरकून ती आणि सावळाराम ओढ्यावरच्या पुलाच्या कामाला लागली.

लाकडी खांब जमिनीत ठोकायचे होते. तीन वाशांच्या उंच तिकाटण्याला कप्पी, तिच्यावरून दोर, दोराला लोखंडी घण. बायाबापड्यांनी ओढून घण माथ्याला न्यायचा, आणि मुकादमानं हाळी दिली की सोडायचा. सावळाराम खाली खांब सरळ करायचा नि हाळीआधी बाजूला व्हायचा.

त्या सकाळी हाळी झालीच नाही. घण माथ्याला टेकला आणि दोर तुटला. ओढणाऱ्या बाया पाठीवर पडल्या. ठकुबाई उठून बघते तो सावळाराम घणाखाली. हाक मारायलाही काही उरलं नव्हतं.

दिवस घालून झाल्यावर ती ओव्हरसियर नानासाहेबांपुढं उभी राहिली. माणूस सरळ होता.

"सायेब, वर नेताना त्यो मुंगीच्या पावलानं जायचा. खाली येताना एवढं बळ कुठनं आलं त्याला?"

नानासाहेबांनी खरं तेच सांगितलं. "बाई, तुम्ही ओढताना लावलेला जोर त्याच्या उंचीत साठतो. पडताना उंची घटते, तसा वेग वाढतो. उंचीतला आणि वेगातला जोर मिळून तेवढाच राहतो."

"आन् भुईला आल्यावर?"

"मग तो सगळा जोर खांबात जातो. नाहीतर खाली जे असेल..."

ठकुबाईनं आपल्या घट्टे पडलेल्या हातांकडं पाहिलं. "म्हंजी धन्याच्या अंगावर पडलं, त्यात माझंबी बळ हुतं."

"अहो, दोर कुजका होता. तुमचा काय दोष?"

"दोषाचं न्हाई इचारलं, सायेब. बळाचं इचारलं."



घरी सासू आंधळी, शेतात नुसती ढेकळं. ठकुबाई पुन्हा कामावर गेली. दोर नवा होता, खाली दुसराच कुणी उभा होता. बायांनी "हैय्या" केलं. ठकुबाईनं दोर हातात धरला, पण ओढला नाही. हात नुसते बाकीच्यांच्या हातांमागं जात राहिले. शेजारणीला कळलं, तिनं आपला जोर जरा वाढवला.

घण तिच्यावाचून माथ्याला गेला. हाळी झाली. आणि तो पहिल्याइतक्याच जोरानं खाली आला.