श्रेय सुयांना गेलं

शेवटच्या भेटीत दादाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि तोंडी नवा उपाय. "समुद्रपूरले एक जण मुळी देते म्हणे, शालू. तीन शनवारात बिडी सुटते. घरी गेलो का मले घेऊन चाल." मी त्याची उशी सारखी केली; बोलले असते तर भांडणच झालं असतं. चौथ्या दिवशी तो गेला.

वडनेरला भाजीपाला पिकवणारा हा माझा थोरला भाऊ. जेवणानंतरची बिडी त्याची ठरलेली. सोडायची इच्छा नव्हती असंही नाही. कुणी लवंगेची आयुर्वेदिक बिडी दिली, ती त्यानं साध्या बिडीच्या जोडीला ओढली. संमोहनवाल्याकडे जाऊन आला आणि म्हणाला, "झोप मस्त लागली." डॉक्टरांनी औषध सुचवलं तर, "नको, त्याचे साइड इफेक्ट असते." चाळीस वर्षं धूर गिळलेला माणूस हे सांगतोय. कपाळावर हात मारावा की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना.

एका भाऊबीजेला मी ओवाळणीत त्याची बिडीच मागितली. त्यानं खरंच अख्खं बंडल तबकात टाकलं आणि एसटी बदलत आर्वीला कानात सुया टोचून घ्यायला जाऊ लागला. मी हिंगणघाटला शाळेत शिकवते. रोज मधल्या सुट्टीत, त्याचं जेवण आटोपायच्या सुमारास, फोन करायचे. वांग्याला भाव काय, मोटर चालू झाली का, असलंच काहीबाही. अडीच महिने बिडी नाही. गावभर सुयांचा गाजावाजा झाला, आम्ही दोन्ही मामांनाही आर्वीला धाडलं. ते पंधरा दिवसांत पुन्हा ओढू लागले, ती गोष्ट वेगळी. दादाची मात्र सुटली असं धरून मी फोन बंद केला.

तेरवी झाल्यावर वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "बाई, तुमचा फोन बंद झाला अन् तिसऱ्या दिवशी यायनं पेटवली. जेवले का मोबाईलकडे पाहत बसत. मी म्हटलं, तुम्हीच लावा, तर म्हणे, तिले शाळा असते."

असा संताप आला मला. मुळीसाठी समुद्रपूर चालतं, सुयांसाठी आर्वी चालते, आणि बहिणीला एक फोन करायचा संकोच. आणि मी शिकलेली बाई, सुयांवर भरवसा टाकून मोकळी झाले.

दादाचा मोबाईल आता वहिनींजवळ असतो. काल मधल्या सुट्टीत जुन्या सवयीनं नंबर लागला. "बोला बाई," त्या म्हणाल्या. जेवल्या का, विचारलं. एकटीले जेवण जात नाई म्हणाल्या.

"वाढून घ्या," मी म्हटलं. "मी फोन धरून बसते."