गुरुवारचा अर्ज

माधवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखातातल्या मीना अल-अहमदी तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टची नोंद लिहीत होतो, आणि ती पूर्ण करूनच उठलो. जन्मभर भित्रा असलेला माणूस वाईट बातमीतही आधी काम संपवतो. माझ्याबरोबरचे इंजिनियर माधवराव तसे नव्हते...

नव्वदच्या दशकातल्या एका गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने त्यांना दहा मिनिटं दिली. लोकांना नाट्यगीतं हवी होती. यांनी काढला एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन खासदार. आधी राष्ट्राध्यक्ष झालेला, मग पुन्हा साधा खासदार. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात वाचायचेच नाहीत असा नियम झाला, तर हा म्हातारा वर्षानुवर्षं नवा अर्ज घेऊन उभा. खाली बसवला की पुन्हा उभा. शेवटी तो नियमच रद्द झाला. दहाची चाळीस मिनिटं झाली, वडे गार झाले, आणि मी त्यांना घड्याळ दाखवलं.

नंतर मालवणकडचा दाजी फिटर पुढे आला. "सायबानू, त्या माणसाक आमच्या कंपनीत घेवन येवा." ठेकेदाराने सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात कोंडले होते, आणि गावी दाजीचे वडील अंथरुणाला खिळलेले.

गुरुवारी आम्हाला सुट्टी, पण शुवैखमधलं ठेकेदाराचं ऑफिस उघडं. माधवराव दाजीचा अर्ज घेऊन तिथे हजर. मॅनेजरने न वाचताच परत केला. पुढच्या गुरुवारी नवा अर्ज.

"इंजिनियर साब, आप फिर आ गये?"

"आप पढ़ेंगे नहीं, तो आऊँगा ही."

मला म्हणाले, "तूही सही कर. दोघांची असली की कागदाला वजन येतं."

"माधवराव, माझी पोरं इथल्या शाळेत आहेत," मी म्हणालो. ते रागावले नाहीत, नुसते हसले. त्याचाच मला राग आला. पोरं त्यांनाही होती, आणि ठेकेदाराने त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारही केली होती. अकराव्या गुरुवारी मॅनेजरने कंटाळून पासपोर्ट टेबलावर टाकला. दाजीच्या वडिलांना शेवटचे चार महिने मुलाच्या हातची पेज मिळाली. पुढे दर गुरुवारी कुणाचा ना कुणाचा अर्ज असायचाच.

परवा वहिनींनी माधवरावांच्या सलवातल्या घरी कपाट आवरायला बोलावलं. एका फायलीत सगळ्या अर्जांच्या प्रती होत्या. प्रत्येकीच्या तळाशी त्यांची सही, शेजारी टाइप केलेलं माझं नाव, आणि त्यावर कोरी जागा. इतकी वर्षं, प्रत्येक अर्जावर... मी तिथेच बसलो आणि रडलो. सगळ्यात वरचा अर्ज एका सुताराचा होता. सही झालेली, द्यायचा राहिलेला.

"भावजी, पेन देऊ?" वहिनी म्हणाल्या.

काल गुरुवार होता. शुवैखच्या नव्या मॅनेजरने खालच्या दोन्ही सह्या पाहिल्या आणि अर्ज न वाचता परत केला. पुढच्या गुरुवारचा मी टाइप करून ठेवला आहे.