उंदरांच्या वाटणीचा काढा

गोठ्यात घोणस निघाली की तळ्याजवळच्या वाडीतले लोक काठी शोधत नाहीत, चांगदेवला हाक मारतात. असा हा माणूस त्या सोमवारी सकाळी दोन मेलेल्या उंदरांसमोर उभा होता आणि त्याला पुढे पाऊल टाकवत नव्हतं.

मेलेला उंदीर त्याला नवा नव्हता. भाताची शेती सांभाळून तो रोह्याकडच्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या खोलीवर कामाला होता. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. तिथले उंदीर पांढरे, गुबगुबीत आणि जन्मापासून ब्लड प्रेशरवाले. ना पोरीचं लग्न जमवायचं, ना भावाशी बांधावरून भांडण, तरी प्रेशर. चांगदेवला ते सगेसोयरेच वाटत, कारण प्रेशर त्यालाही होतं. त्याच्याकडे मात्र दोन्ही कारणं होती.

ऐन पावसाळ्यात खोलीत चिनी काढा आला. चीनमध्ये कसल्याशा काटेरी वेलीचा हा काढा प्रेशरवर पिढ्यानपिढ्या देतात म्हणे. तो खरंच प्रेशर उतरवतो का, हे उंदरांवर बघायचं होतं. मुरुडची हेमाली, जनावरांची डॉक्टर, रोज सकाळी उंदराच्या घशात बारीक वाकडी नळी घालून औषध पाजायची आणि मधूनमधून शेपटीला इवलासा पट्टा बांधून प्रेशर मोजायची. बाटल्यांना तीन रंगांची झाकणं. एका रंगात काढा, एकात नेहमीचं औषध, एकात रंगवून कडवट केलेलं पाणी. कशात काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं तर मोजणाऱ्याचं मन एका बाजूला झुकतं, म्हणून ते पाकिटात बंद करून मुंबईच्या ऑफिसात ठेवलेलं.

उरलेलं औषध मोरीत ओतायचं काम चांगदेवचं. हिरव्या झाकणाचे उंदीर हल्ली पट्टा बांधताना शहाण्यासारखे बसतात, हे त्याने पाहिलं. काढा तो हाच, असं ठरवून एके दिवसापासून तो उरलेलं मोरीऐवजी स्वतःच्या घशात ओतू लागला. कडू होतं, म्हणजे गुणकारी असणारच.

त्याच्या वाडीत झाडपाल्याच्या औषधाला दोन कायदे. औषध कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. आणि त्यावर दुसरं औषध घ्यायचं नाही, दोन औषधं पोटात भांडतात. ग्रामपंचायतीचा एकही नियम न पाळणाऱ्या चांगदेवने हे दोन्ही काटेकोर पाळले. बायको रंगू रोज सकाळी सरकारी दवाखान्याची गोळी त्याच्या हातावर ठेवायची. तो गिळल्याचं सोंग करून ती परसातल्या पेरूखाली टाकायचा. पेरूचं प्रेशर तेवढं उत्तम राहिलं असणार.

आणि आता मेलेले दोन्ही उंदीर हिरव्या झाकणाचे होते.

हेमालीने ते टेबलावर घेतले आणि ट्रे धरायला चांगदेवला उभं केलं. कात्री पोटावरून वर सरकू लागली तसा त्याने ट्रे अंगापासून लांब धरला. मानेमागचं ठणकणं गेला आठवडाभर चालूच होतं, तेव्हा त्याने त्याचा दोष उशीला दिला होता. आज उशी निर्दोष सुटली. बोललो तर नोकरी जाणार. बोललो तर औषधाचा गुणही जाणार. पण ट्रेमधले ते चारी पाय वर केलेले उंदीर बघून त्याला वाटलं, गुण हा असला असेल तर गेलेलाच बरा.

"मॅडम, ह्ये कशानं मेलं ते बिगीबिगी सांगा," तो म्हणाला. "मी पन त्येच पितोय."

कात्री थांबली. हेमालीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग घाईघाईने दोन्ही उंदरांची छाती उघडली. दोघांच्याही फुप्फुसांत तपकिरी पाणी साचलेलं. ती खुर्चीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, शनिवारी घाईत तिचाच हात चुकला होता, नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली. उंदीर विषाने मेले नव्हते, गुदमरून मेले होते.

चांगदेव भिंतीला टेकला आणि हसायला लागला. आपण तर सरळ तोंडाने प्यालो.

हेमाली हसली नाही. त्याला प्रेशर आहे हे तिला ठाऊक होतं. "काका, तुमच्या गोळ्या?"

"बंद हायेत."

"कधीपासून?"

"गणपती गेल्यापास्नं."

तिने त्याला दंडाला धरून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं आणि माणसांचा पट्टा बांधला. आकडा बघून तिने पट्टा सोडला, पुन्हा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडेच राहिला. तिने फोनवर गाडी बोलावली आणि 'आत्ताच्या आत्ता' असं दोनदा बजावलं, ते चांगदेवने ऐकलं. घोणस निदान दिसते, तिची मान धरता येते. या आकड्याची मान कुठे असते?

दवाखान्याच्या वाटेवर हेमालीने त्याला सुनावलं, की काढ्याचं पुढे बघू, पण गोळ्या सोडून त्याने स्वतःला थेट मरणाच्या दारात नेलंय. हे सगळं वर कळवावं लागेल, स्वतःच्या चुकीसकट; नोकरीचं काय होईल ते तिला सांगता येणार नव्हतं. चांगदेव प्रत्येक खड्ड्याला छाती धरत ऐकत होता.

"एक सांगा, मॅडम," शेवटी तो म्हणाला. "हिरव्या झाकनात व्हतं काय? काढा, का पानी?"

"मलाही माहीत नाही. प्रयोग संपल्यावर पाकीट उघडतील. शिमग्यानंतर."

दवाखान्यात नर्सने गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. या वेळी त्याने गोळी खरोखर गिळली आणि पेला रिकामा केला.

"म्हंजे शिमग्यापत्तुर जित्तं ऱ्हावं लागंल," चांगदेव म्हणाला आणि त्याने आणखी पाणी मागितलं.